चौदा नंबरचं कपाट

३ मार्च, सोमवार

आज कपाटं पुन्हा मोजली. सव्वीसच आहेत. एकतीस वर्षं सव्वीसच होती, पण एखादी गोष्ट जाणार म्हटलं की माणूस ती उगीच मोजत बसतो. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुखांनी, सकाळी बोलावून सांगितलं की या महिन्यात रेकॉर्ड रूम रिकामी करायची आणि तिथे समुपदेशनाच्या दोन खोल्या काढायच्या. फाइली जाणार क्लाउडवर. हे प्रकरण समजावायला कंपनीची एक बाई आली होती. चाळिशीची, बोलायला चटपटीत. चहाचा कप ठेवायला तिला नेमकं माझंच रजिस्टर सापडलं. तिचं नाव मी ढगवाली ठेवलं आहे. तोंडावर मॅडम म्हणतो.

हाताला काम राहणार नाही, म्हणून ही वही. लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमचं केंद्र म्हणजे जीव वाचवून दुसऱ्या देशांतून इथे आलेल्या माणसांच्या मनावर उपचार करायची जागा. ती माणसं आत बोलतात, समुपदेशक टिपणं काढतात आणि ती टाइप करून फाइलीला लावायची हे माझं काम. माझ्या एकाही फाइलीत रिकामा रकाना सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. जानेवारीचीच गोष्ट. मी राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर एका बाईंचं शिलाईचं दुकान आहे. त्याही आमच्या केंद्रात महिन्यातून एकदा येतात. त्यांच्या टिपणात होतं की धाकटा भाऊ अजून तिकडेच आहे, एका संगीताच्या मास्तरांच्या घरी लपून. मास्तरांचं नाव नाही, घराचा नंबर नाही. दोन रकाने उघडे! मला राहवेना. संध्याकाळी दुकानात जाऊन विचारलं. बाईंची कात्री थांबली.

"दादा, ते लिहायलाच हवं का?"

मी खिशातली किल्ली काढून दाखवली आणि म्हटलं, "चौदा नंबरचं कपाट माझ्याशिवाय कुणी उघडत नाही."

मग त्यांनी सांगितलं. मी अक्षर न् अक्षर दोनदा विचारून घेतलं.

७ मार्च, शुक्रवार

स्कॅनिंग सुरू. मशीनसमोर उभं राहून पाय भरून आले. मी कपाटांची शिस्त ढगातही तशीच ठेवायला लावली. कपाट एक, कपाट दोन, असे सव्वीस कप्पे, आणि प्रत्येकावर माझी जुनी चिठ्ठी: कुठल्या देशाची माणसं, कुठली वर्षं. ढगवाली म्हणाली, "नुसते नंबर चालतील की." मी म्हटलं, आंधळ्यालाही सापडलं पाहिजे, असं असतं रेकॉर्ड.

घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती पोस्टात आहे, टपालाच्या वर्गवारीत. तिने भाजी चिरता चिरता एवढंच विचारलं, "ते ढगात आहे म्हणजे नक्की कुठल्या पत्त्यावर आहे?" मी म्हटलं, ढगाला कसला पत्ता. ती म्हणाली, पत्ता नसलेली वस्तू मी तरी चोवीस वर्षांत पाहिली नाही. पोस्टातल्या माणसांना दुसरं काही सुचतच नाही.

१२ मार्च, बुधवार

आज एक महत्त्वाचा निर्णय मी घेतला. मी, ढगवालीने नाही.

फाइली ठेवायची जागा निवडायची होती. पडद्यावर यादी आली: उत्तर एक, उत्तर दोन, पूर्व एक, असं करत नैर्ऋत्य तीनपर्यंत. प्रत्येकीपुढे आपल्यापासूनचं अंतर. ढगवालीचा हात सवयीने सर्वांत जवळच्या जागेकडे गेला. मी म्हटलं, थांबा.

अकरा वर्षांपूर्वी तळघरात पाण्याचा नळ फुटला होता. मूळ फाइली आणि त्यांच्या प्रती एकाच मांडणीवर होत्या. दोन्हींचा लगदा झाला. नऊशे माणसांची कहाणी मी फावड्याने उपसून काढली आहे. त्या दिवसापासून माझा नियम आहे की रेकॉर्ड आपल्यावरच्या संकटापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवायचं. म्हणून सर्वांत लांबची जागा निवडली. नैर्ऋत्य तीन.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

ती म्हणाली, सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्या जागा सारख्याच. मी सही केली. खूप वर्षांनी एवढं हलकं वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार

कपाटं गेली. भंगारवाला एकेक आडवं करून नेत होता. जमिनीवर सव्वीस चौकोन राहिले आहेत, फरशीचा मूळ रंग तेवढ्याच जागी शिल्लक. किल्ल्यांचा जुडगा मी दिला नाही. कुणी मागितलाही नाही.

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं, पण एकूण एक शब्द ऐकला.

येताना खाली शिलाईवाल्या बाईंकडे पँट टाकली. लांबी सोडायची आहे. मंगळवारी न्या म्हणाल्या.

२३ मार्च, रविवार

मेहुणा जेवायला आला होता. तो वकील आहे आणि जेवतानाही वकीलच असतो. मी ढगाची गोष्ट काढली, थोडी फुशारकीही मारली. त्याने विचारलं, भांडण झालं तर कुठल्या देशाचा कायदा लागू? मी म्हटलं, कसलं भांडण? तो म्हणाला, "भावजी, माल ज्याच्या जमिनीवर, कायदा त्याचा. तिथल्या सरकारने फाइल मागितली तर कंपनी तुम्हाला विचारायला येणार नाही. करार वाचलात ना?"

करार चौसष्ट पानांचा आहे. एकतीस वर्षांत मी न वाचता सही केलेला हा पहिला कागद. म्हटलं, वाचला. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला आणखी आमटी वाढली.

रविवारी अकराला खालून शिलाईवाल्या बाईंचा आवाज येतो. तो त्यांच्या भावाच्या फोनचा दिवस. बाई हसतात ते दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. आज मेहुण्याच्या बोलण्यात ते हसणं मध्येच येत होतं आणि मला उगीचच खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

२५ मार्च, मंगळवार

कलम एकोणचाळीस. "माहिती ज्या भूमीवर साठवली असेल त्या भूमीच्या कायद्यास अधीन राहील."

ढगवालीला फोन केला. म्हटलं, नैर्ऋत्य तीन ही जागा कुठे येते? तिने बघून सांगते म्हटलं आणि वीस मिनिटांनी फोन केला. शहराचं नाव घेतलं.

ते शहर मला माहीत आहे. मी ते दोनशेहून जास्त वेळा टाइप केलं आहे. चौदा नंबरच्या कपाटातली सगळी माणसं त्या देशातून पळून आली आहेत. बाईंच्या फाइलीत ते शहर आहे. मास्तरांचं घर त्याच शहरात आहे.

ज्यांच्यापासून ती माणसं पळाली, त्यांच्याच दारात मी कपाट नेऊन ठेवलं. वर चिठ्ठी लावून, सुवाच्य अक्षरात.

पँट आणायला गेलो नाही.

२६ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कामाला लागल्या: आजच्या आज सगळं तिथून हलवायचं, इथल्या देशातल्या जागेत आणायचं, आणि कुणी काही मागितलं होतं का हे कंपनीला लेखी विचारायचं. ढगवालीला दोन तासांत हजर केलं. तीही पांढरीफटक पडली होती. मला वाटलं होतं ती माझ्यावर ढकलेल, पण तिने तसं केलं नाही. म्हणाली, मी कुठली जागा हे विचारायला हवं होतं.

हलवायला चार दिवस लागतील. आणि पुसलं तरी त्यांच्याकडे नव्वद दिवस एक प्रत राहते. कलम बेचाळीस.

मी विचारलं, माणसांना सांगायचं का? मोठ्या बाई म्हणाल्या, "खात्री होईपर्यंत कुणालाही नाही. काही झालेलं नसताना घाबरवलं तर ती परत कधी तोंड उघडणार नाहीत."

मला पटलं. खरं म्हणजे हायसं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

२८ मार्च, शुक्रवार

कंपनीला सव्वीस प्रश्न पाठवले, प्रत्येक कपाटाचा वेगळा. उत्तराला पाच कामाचे दिवस.

मी मंगळवारपासून मागच्या जिन्याने ये-जा करतो आहे. बायकोने विचारलं तर सांगितलं, गुडघ्याला बरं पडतं. मागच्या जिन्याला पायऱ्या जास्त आहेत.

खुर्चीत बसवत नाही. रिकाम्या रेकॉर्ड रूममध्ये या चौकोनातून त्या चौकोनात फिरतो. चौदाव्यावर पाय देत नाही.

२९ मार्च, शनिवार

व्हायचं ते झालं. भाजी घेऊन येताना बाईंनी दुकानाच्या दारातून हाक मारली.

"दादा, पँट तयार आहे. मंगळवारपासून."

म्हटलं, काम फार आहे हो. त्या म्हणाल्या, दिसतंच आहे. आणि मग हातातली टेप गुंडाळत सहज विचारल्यासारखं विचारलं, "किल्ली अजून तुमच्याकडेच असते ना?"

मी जुडगा काढून दाखवला. चौदा नंबरची वेगळी करून दाखवली. मी खोटं बोललो नाही. किल्ली आहेच.

त्यांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, बरं, पँट राहू दे, नंतर न्या. त्यांना काही संशय आला नसावा. मी चेहरा अगदी सरळ ठेवला होता.

३० मार्च, रविवार

आज अकरा वाजले तरी खालून हसणं नाही. खिडकीतून वाकून पाहिलं तर दुकान अर्धं बंद. कापड आणायला गेल्या असतील किंवा तिकडची लाइन बिघडली असेल. तिकडे लाइन नेहमीच बिघडते असं त्याच सांगत असतात.

बायको म्हणाली, काल संध्याकाळी त्या वर आल्या होत्या, मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा. स्वतःचा फोन बंद पडलाय म्हणून हिचा मागून घेतला. बोलणं काय, तर कोटाचं माप. "जुन्या मापात आता बसणार नाही, आज रात्रीच्या आत बदला, दुसऱ्या शिंप्याकडे द्या." मिनिटभरही नाही. नंतर दुसरा एक फोन, तो थोडा लांबला, त्यात त्या विनवत होत्या म्हणे. ही म्हणाली, गिऱ्हाइकाला कुणी असं विनवतं का? मी म्हटलं, धंदा आहे, नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला धरून ठेवावं लागतं.

सगळ्या फाइली इथल्या जागेत आल्याचा संध्याकाळी निरोप आला. मोठ्या बाईंनी पेढा मिळाल्यासारख्या आवाजात सांगितलं. मला भूक नव्हती.

३ एप्रिल, गुरुवार

उत्तरं आली. सव्वीस ओळी.

कपाट एक: कोणतीही मागणी आलेली नाही. कपाट दोन: कोणतीही मागणी आलेली नाही. मी बोट ठेवून एकेक वाचत गेलो. तेरा: आलेली नाही.

चौदा: "या बाबतीत कोणतीही माहिती देता येणार नाही."

पंधरा: आलेली नाही. पुढे सव्वीसपर्यंत तेच.

मोठ्या बाई म्हणाल्या, देता येणार नाही म्हणजे मागितली असं होत नाही. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "भावजी, जिथे नाही म्हणता आलं तिथे त्यांनी पंचवीस वेळा नाही म्हटलंय."

मोठ्या बाईंनी दोन दिवस मागितले. विश्वस्तांशी बोलायचं आहे.

५ एप्रिल, शनिवार

विश्वस्त सोमवारी भेटतील. सोमवार!

आज चार वेळा जिना उतरलो आणि तीन वेळा पहिल्या मजल्यावरून परत आलो. चौथ्यांदा खालपर्यंत गेलो तर दुकानात गिऱ्हाईक होतं. मनात म्हटलं, गिऱ्हाइकासमोर कसं बोलणार. ते गिऱ्हाईक पाच मिनिटांत गेलं असतं. मी थांबलो नाही.

वर आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. तिला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडे कुणाचं तरी पत्र आहे. दहा दिवस झाले. पोचतं करा."

६ एप्रिल, रविवार

सकाळी दहाला गेलो. शटर अर्धं होतं, वाकून आत शिरलो. बाई काम करत नव्हत्या. मशीनवर झाकण होतं आणि माझी पँट घडी घालून त्यावर ठेवलेली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ढग, नैर्ऋत्य तीन, माझी सही, कलम एकोणचाळीस, चौदावी ओळ. वाक्यं मी रात्रीच कागदावर लिहून घेतली होती. कागद हातात होता, पण वाचता येईना.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "धाकटा सुटला, दादा. गेल्या शनिवारीच निघाला तिथून. मी सांगितलं त्याला."

मला काही कळेना. गेल्या शनिवारी उत्तरही आलं नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं, विचारलं.

"तुम्हीच की. पाच वर्षं तुम्ही दुकानासमोरून जाता, रोज काहीतरी थट्टा करून जाता. त्या मंगळवारपासून तुम्ही मागच्या जिन्याने जायला लागलात. आमच्याकडे शेजारी असे जिने बदलायला लागले की आम्ही सामान बांधतो. किल्लीचं तर नुसतं विचारून पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं, तुम्ही अख्खा जुडगाच काढून दाखवलात."

मी स्टुलावर बसलो. एवढं बरं वाटलं की मला रडू आलं. म्हटलं, देवाने राखलं. बाईंनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही. मशीनच्या झाकणावरून हात फिरवत राहिल्या.

"मास्तरांना बुधवारी नेलं."

मी तोंड वर केलं.

"त्यांनाही फोन केला होता. त्याच संध्याकाळी, वहिनींच्या फोनवरून. निघा म्हणून हातापाया पडले. एकाहत्तर वर्षांचे आहेत. म्हणाले, पोरी, खात्रीने कळलंय का? मी काय सांगणार होते? शेजारचे दादा माझ्याकडे बघत नाहीत, म्हणून घर सोडा? ते म्हणाले, माझं नाव कुणाला ठाऊक आहे, कुणी कुठे लिहून ठेवलंय? उद्या सकाळी विद्यार्थी यायचेत." त्यांनी झाकणाची कड सरळ केली. "त्यांना एक पक्का शब्द हवा होता, दादा. तो शब्द तुमच्याकडे होता. बुधवारपर्यंत आठ दिवस होता."

मी म्हटलं, आम्हाला खात्री व्हायची होती. हे माझ्याच तोंडून बाहेर पडताना मी ऐकलं.

बाई म्हणाल्या, "त्यांचं नाव मी या देशात एकदाच उच्चारलं. याच टेबलापाशी."

अकरा वाजले. फोन वाजला नाही. आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहत होतो. धाकटा आता कुठे आहे ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

निघताना मी पँटकडे हात केला नाही. त्यांनीही ती दिली नाही.

७ एप्रिल, सोमवार

विश्वस्तांच्या सभेला गेलो नाही. सकाळपासून बसून चौदाव्या कपाटाची यादी केली, हाताने, कागदावर. आमच्याकडे येणारी एक्केचाळीस घरं. पण धोका त्यांना नाही, ती इथे आहेत. धोका आहे तो फाइलीत ज्यांची नावं आहेत त्या मागे राहिलेल्या माणसांना. आई, चुलते, शेजारी, ज्यांनी एक रात्र आसरा दिला ते, ज्यांनी गाडीत बसवलं ते. शोधायला वेळ लागला नाही. मी कुणालाच विसरलो नव्हतो. एकशे सदतीस नावं, पत्त्यांसकट.

मोठ्या बाई दुपारी सभेवरून आल्या त्या तडक माझ्या खोलीत. मी म्हटलं, मी सांगायला निघालोय, तुम्ही नाही म्हटलंत तरी. त्यांनी यादी उचलली, बराच वेळ वाचली, आणि मधोमध फाडली.

"अर्धी घरं माझी," त्या म्हणाल्या. "गाडी कंपनीच्या मॅडम चालवतील. खाली उभी आहे."

आज अकरा दारं झाली. पहिल्या दारात वाक्य सांगायला मला पाव तास लागला, अकराव्या दारात मिनिटभर. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाणी विचारलं. एका बाईने दार माझ्या तोंडावर लावून घेतलं आणि आतून लगेच फोन लावल्याचा आवाज आला. तो ऐकून मी जिना उतरलो.

९ एप्रिल, बुधवार

माझी बाजू आज संपली. गुडघे बोलायला लागले आहेत, या वेळी खरोखर.

यादीत मी तीन रकाने आखले होते: नाव, पत्ता, निरोप पोचल्याची तारीख. दोन्ही तुकडे चिकटवून संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पसरले. बायको शेजारी बसून तारखा तपासत होती, ती तिच्या सवयीची गोष्ट. एकशे तीस जणांपर्यंत निरोप गेला आहे. सहा जण आधीच वारले होते. तेही मी लिहिलं.

एकशे सदतिसाव्या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि विचारलं, इथली तारीख राहिली का?

नाव पूर्ण आहे, अक्षर न् अक्षर बरोबर. घराचा नंबर आहे. मी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. तिला म्हटलं, राहू दे, तो रकाना रिकामाच राहणार आहे.